ठरल्या वारी येणारी माणसं

पनवेल हे वाटेवरचं शहर. मुंबईहून पुण्याकडे आणि गोव्याकडे जाणारे रस्ते इथेच फुटतात, कोकणात जाणाऱ्या गाड्या इथूनच वळतात. एके काळी इथल्या बंदरात गलबतं लागत आणि घाटावरचा माल बैलगाड्यांनी खाली उतरे. नगरपालिका इथे १८५२ सालीच आली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. जुनं शहर, नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर, तळोजे आणि २९ गावं तिच्या हद्दीत आली. २०११ च्या जनगणनेत या हद्दीत सुमारे ५ लाख लोक होते. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले, मेट्रो आली, २०२५ मध्ये विमानतळही सुरू झाला. आणि याच तालुक्यात, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला, पावसाळ्यात धो धो पाऊस झेलणाऱ्या वाड्या आजही एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात.

या तालुक्यात मी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. आधी एसटीने, मग स्कूटीने गावं आणि वाड्या फिरले. निवृत्तीनंतरही मंगळवारी वाडीवर जाणं सोडलेलं नाही. इतक्या वर्षांत सामाजिक कामाबद्दल माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्याकडचे बरेच प्रश्न एका दिवसाच्या शिबिराने सुटणारे नाहीत. त्यांना ठरल्या वारी, न चुकता, वर्षानुवर्षं येणारा माणूस लागतो. पनवेलच्या आसपास ज्या संस्था टिकल्या, त्या याच बळावर टिकल्या. हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते कुष्ठरोगाच्या कामात, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

बॉलपेनचं टोक आणि पाण्याचं घमेलं

कुष्ठरोग गेला, असं अनेकांना वाटतं. डिसेंबर २००५ मध्ये देशातलं रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं, तेव्हा तशा बातम्याही झाल्या. पण आजही देशात दरवर्षी लाखभर नवे रुग्ण सापडतात. रोगाचा जंतू फार सावकाश वाढतो. लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत साधारण पाच वर्षं जातात, कधी कधी वीसही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात, त्याच्या नाकातोंडातून उडणाऱ्या थेंबांवाटे तो पसरतो. हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. शिवाय बहुतेक माणसांच्या अंगात त्याला तोंड देण्याची ताकद मुळातच असते.

तपासणी अगदी साधी आहे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की माणसाला उजेडात बसवायचं. डोळे मिटायला सांगायचे आणि बॉलपेनचं टोक हलकेच टेकवत जायचं. जिथे स्पर्श कळेल तिथे त्याने बोट ठेवायचं. चांगल्या कातडीवर बोट बरोबर येतं. चट्ट्यावर आपण टोक टेकवतो आणि माणूस डोळे मिटून शांत बसून राहतो, त्याला काहीच कळलेलं नसतं. मग कोपराच्या आतल्या बाजूची नस चाचपायची, जाड झाली आहे का पाहायचं. याला यंत्र लागत नाही. पण बायका अंगावरचा चट्टा पहिल्या भेटीत कधीच दाखवत नाहीत. आधी ताप, मग मुलाचा खोकला, मग सुनेचं बाळंतपण, असं चार भेटींत बोलणं झालं की पाचव्या भेटीला पदर सरकतो. म्हणून तीच तीच आशाताई, तीच तीच सिस्टर परत परत यावी लागते.

औषध मोफत मिळतं. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने गोळ्यांची पाकिटं घ्यावी लागतात. पहिल्या डोसापासूनच रुग्ण दुसऱ्याला लागण करण्याजोगा राहत नाही, असं म्हटलं तरी चालेल. मात्र लघवी लाल होते, एका गोळीने कातडी काळवंडते, आणि घाबरून लोक पाकीट छपरात खोचून ठेवतात. ‘काळेपणा जाईल, हाताची बोटं गेली तर परत येणार नाहीत,’ हे एकदा सांगून भागत नाही, दर महिन्याला सांगावं लागतं.

रोग बरा झाला तरी मेलेल्या नसा जिवंत होत नाहीत. तळपायाला जाणीव नसेल तर खडा रुतलेला कळत नाही, त्यावर दिवसभर चाललं जातं आणि जखम हाडापर्यंत जाते. बोटं जंतू खातो हा गैरसमज आहे. ती जातात दुखत नाही म्हणून. यावर उपाय घरातलाच. रोज घमेल्यात साध्या पाण्यात पाय वीसेक मिनिटं बुडवून ठेवायचे, निबर झालेली कातडी वजरीने हळूहळू घासायची आणि पाय ओले असतानाच तेल लावायचं, म्हणजे ओलावा आत राहतो आणि भेगा पडत नाहीत. चप्पल आतून मऊ, तळाला टणक हवी, मागे पट्टा हवा आणि तिला खिळा नको. पायात घालण्याआधी ती झटकायची. चुलीवरचं भांडं फडक्याने धरायचं. एवढं रोज केलं तर पाय वाचतो. दोन आठवडे खंड पडला की पुन्हा पट्टीपासून सुरुवात.

नेऱ्याचं शांतिवन

पनवेलजवळ नेरे गावी कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. काम सुरू झालं १९५१ साली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी संस्था उभी केली होती. त्याच काळातली ही कोकणच्या दारातली वसाहत. तेव्हा १८९८ चा कायदा लागू होता, कुष्ठरोग्याला समाजापासून अलग काढणारा. तो पूर्णपणे रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. नवरा-बायकोपैकी एकाला कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागण्याची कायद्यातली वाट तर २०१९ मध्ये बंद झाली.

औषध नीट नसण्याच्या काळात माणसं इथे यायची ती राहण्यासाठीच. पुढे १९८० च्या दशकात अनेक औषधं एकत्र देण्याचा उपचार आला आणि माणसं बरी होऊ लागली. मग प्रश्न उरला घराचा. बऱ्या झालेल्या माणसाला भावकी दारात उभं करत नव्हती. म्हणून अशा ठिकाणी दवाखान्याच्या जोडीला शेती लागते, कामं लागतात, म्हातारपणी टेकायला जागा लागते. शांतिवनातही पुढे वृद्धाश्रम, आदिवासी मुलांची आश्रमशाळा, निसर्गोपचार केंद्र अशी कामं वाढत गेली. रुग्ण कमी झाले म्हणून संस्थेने कुलूप लावलं नाही. आजूबाजूला ज्यांना गरज होती त्यांच्यासाठी दार उघडलं. पनवेलकरांनी हे एकदा जाऊन पाहावं. ज्या आवाराला कधी काळी लोक वळसा घालून जात, तिथे आता मुलं शिकतात आणि शहरातली माणसं उपचाराला येतात. कुष्ठरोगाची भीती घालवायला याहून मोठं शिक्षण नाही.

वीटभट्टीवर गेलेलं कुटुंब

वाड्यांवरच्या कातकरी समाजाचं वर्ष आपल्यासारखं नसतं. पावसाळ्यात भातलावणी, नदीचे मासे, रानभाजी. भात कापून झालं, दिवाळी सरली की मुकादम येतो. आधीच दिलेली उचल फेडायला सगळं कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातं, ते पाऊस तोंडावर आला की परततं. मुलाची शाळा तिथेच तुटते, बाळाची लस राहते, टीबीची आणि कुष्ठरोगाची गोळी सुटते.

यावर उपाय आहेत, ते करणारी माणसंही आहेत. बाहेरगावी जाणाऱ्या कुष्ठरुग्णाला सगळी पाकिटं एकदम बरोबर देता येतात. घरातल्या एकाला समजावून गोळ्यांची जबाबदारी द्यायची. मुलांना आजीजवळ किंवा वसतिगृहात ठेवलं तर शाळा टिकते. पण हे कधी करायचं? दिवाळीच्या आधी. भट्टीवर ट्रक निघून गेल्यावर वाडीवर शिबिर लावून काही हाती लागत नाही. त्या वेळी तिथे म्हातारी माणसं आणि कोंबड्याच असतात. आम्ही भाऊबीजेच्या आत घरोघर जाऊन कोण कुठे निघालं ते वहीत लिहून घेतो. एक म्हातारी दर वेळी विचारते, “बाय, मंगलवारी येशील ना गो?” ती औषध मागत नाही, पैसे मागत नाही. मी येणार आहे याची खात्री तिला हवी असते, आणि त्या खात्रीवरच ती नातवाला लसीसाठी पुढे करते.

ताऱ्याचा दवाखाना

ठरल्या दिवशी येण्याची ताकद ज्यांनी आयुष्यभर दाखवली, ते म्हणजे डॉ. जी. जी. परीख. मुंबई-गोवा रस्त्यावर, कर्नाळ्याच्या पुढे, तारा गावात युसूफ मेहेरअली सेंटर आहे. युसूफ मेहेरअली हे समाजवादी नेते, १९४२ चे मुंबईचे महापौर. ‘भारत छोडो’ ही घोषणा त्यांचीच. १९५० मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाने १९६१ मध्ये सहकाऱ्यांनी ही संस्था उभी केली. जी. जी. स्वतः बेचाळीसच्या लढ्यात कोवळ्या वयात तुरुंगात गेलेले, मुंबईत दवाखाना चालवणारे डॉक्टर.

ताऱ्यात कामाची सुरुवात छोट्या दवाखान्यापासून झाली. ताप, जुलाब, डोळे, बाळंतपणं यांच्यावर उपचार करता करता डॉक्टरांच्या लक्षात आलं की निम्मे आजार पोटात अन्न नसल्याचे आहेत. मग तेलाचा घाणा आला, साबण आला, मातीकाम आलं, शाळा आल्या, रुग्णालय झालं. गावातल्या हातांना गावातच काम मिळावं, हा गांधीजींचा विचार त्यामागे होता. त्यांच्या पत्नी मंगलाताईही या सगळ्यात बरोबरीने होत्या. जी. जी. नव्वदी उलटल्यावरही मुंबईहून ताऱ्याला येत राहिले. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, गांधीजयंतीलाच, वयाची शंभर वर्षं पूर्ण करून ते गेले. त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे, पण मला सर्वांत मोठं वाटतं ते त्यांचं येणं. गाव त्यांना पाहुणा समजत नव्हतं.

स्टेशनावर उतरलेली माणसं

जंक्शन असल्यामुळे पनवेलला आणखी एक प्रश्न आपोआप येतो. घर हरवलेली, मन हरवलेली माणसं गाडीतून इथे उतरतात, हायवेच्या पुलाखाली राहतात. नेऱ्याजवळच्या वांगणीत पास्टर के. एम. फिलिप यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला सील आश्रम अशा माणसांना रस्त्यावरून उचलून नेतो, औषधपाणी करतो, आणि शक्य असेल त्यांना घरी पोचवतो.

अशा माणसाला पत्ता विचारून उपयोग नसतो. मी विचारते, तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो? जत्रा कुणाची? नदीला काय म्हणता? लग्नात पहिल्या दिवशी काय करतात? आज ‘सोमवार’ एवढंच येतं, पुढच्या भेटीत देवीचं नाव, मग एखाद्या स्टेशनचं. तुकडे जुळायला महिने लागतात. म्हणून समोर दर वेळी तोच चेहरा असावा लागतो. नव्या माणसापुढे ते पुन्हा गप्प होतात.

कासाडीची नोंदवही

शहराच्या दुसऱ्या टोकाला तळोजे औद्योगिक वसाहत आणि कासाडी नदी. ऑगस्ट २०१७ मध्ये इथले भटके कुत्रे निळे झालेले दिसले आणि जगभर फोटो गेले. प्राणिमित्रांनी तक्रार केली, रंगाचं सांडपाणी सोडणारा कारखाना प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंद केला. पण कोळीबांधव त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत होते की खाडीत मासळी उरलेली नाही. शेवटी प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं.

रात्री उग्र वास येतो, ही खारघर, कामोठे, कळंबोलीची नेहमीची तक्रार. वास सकाळी उरत नाही आणि अधिकारी येतो तेव्हा हवा स्वच्छ असते. अशा वेळी सोसायटीतल्या लोकांनी तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि कुठे वास आला एवढं रोज लिहून ठेवलं, तर महिन्याभराने त्या वहीला पुराव्याची किंमत येते. संतापाने केलेला एक फोन विसरला जातो, तीस ओळींची नोंद फाइलला लागते.

पनवेलमध्ये दर महिन्याला नवी कुटुंबं राहायला येतात. त्यांतले अनेक जण विचारतात, आम्ही काय करू? वाढदिवसाला फळं वाटून फोटो काढू नका. संस्थेला आधी फोन करा आणि त्यांना काय हवं ते विचारा. बहुतेक ठिकाणी पैशाइतकीच गरज हिशेब लिहिणाऱ्याची, गाडी चालवणाऱ्याची, पट्टी बांधणाऱ्या सिस्टरची, गणित शिकवणाऱ्याची असते. महिन्यातला एकच दिवस द्या, पण तो ठरवून द्या, आणि पावसातही जा. पहिले तीन-चार महिने काही घडत नाहीसं वाटेल. त्या महिन्यांत समोरचा माणूस तुम्ही परत येता का, हे पाहत असतो. तुम्ही आलात की खरं काम तिथून सुरू होतं.