'रिव्हर टच' रूम बुक करताय? आधी एक प्रश्न विचारा (चारधाम स्पेशल)

हेडफोन घरी विसरलेल्यांसाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. जसं बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं... अं...' काढून टाकलेत.

आजचा विषय माझ्या एका चुकीतून आलाय. मे महिन्यात आई, बाबा आणि आत्याला घेऊन केदारनाथला गेलो होतो. सगळं बुकिंग मी केलं, मोबाइलवर, लोकलमध्ये उभ्या उभ्या. रुद्रप्रयागच्या पुढे मंदाकिनीच्या काठावर एक हॉटेल दिसलं. फोटोत बाल्कनी आणि बाल्कनीखाली थेट नदी. 'रिव्हर टच'! रेटिंग चांगलं, भाडं परवडणारं. दोन खोल्या बुक करून टाकल्या.

तिथे पोचल्यावर कळलं की पहाडातल्या हॉटेलांचं गणित उलटं असतं. आपल्याकडे रिसेप्शन तळमजल्यावर आणि खोल्या वर. तिकडे रिसेप्शन रस्त्याच्या पातळीवर आणि खोल्या खाली खाली, नदीच्या दिशेने. आमच्या खोल्या रस्त्यापासून दोन मजले खाली होत्या. आत्या खूश! म्हणाली, "अरे, झोपून गंगेचं दर्शन!"

रात्री पाऊस सुरू झाला. दीडच्या सुमाराला आत्याने मला हलवून उठवलं. "हा आवाज पाण्याचा नाहीये रे." खरंच नव्हता. पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक गुडगुड होती, जात्यावर काहीतरी भरडत असल्यासारखी. नदीच्या तळाचे दगड एकमेकांवर आपटत होते.

वर गेलो तर रिसेप्शनवरचा मुलगा जागाच होता. त्याला विचारलं, "2013 में पानी कहाँ तक आया था?" तो म्हणाला, "भैया, तब तो ये होटल था ही नहीं."

मंडळी, माझं उत्तर मला मिळालं. आम्ही चौघांनी उरलेली रात्र रिसेप्शनच्या सोफ्यांवर काढली. काहीही झालं नाही. पाऊस थांबला, सकाळी नदी पुन्हा गोड दिसायला लागली. आपण फसतो ते इथेच. शंभर रात्री काही होत नाही, म्हणून एकशे एकाव्या रात्रीही होणार नाही असं वाटतं.

सपाट जागा येते कुठून?

हिमालयातल्या दऱ्या अरुंद आहेत. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, मध्ये नदी. मग हॉटेल, पार्किंग, बाजार बांधायला सपाट जागा मिळते कुठे? बहुतेक वेळा नदीने स्वतः आणून टाकलेल्या गाळावर. किंवा बाजूच्या डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याने आणलेल्या दगडमातीवर. अशा ओढ्याला तिकडे 'गाड' किंवा 'गदेरा' म्हणतात. तो मोठ्या नदीला मिळतो तिथे हातपंख्यासारखा उतार तयार होतो. राहायला ती जागा छान वाटते. पण ज्या पाण्याने ती बनवली, त्याच पाण्याची ती जुनी वाट असते.

धराली आठवतंय? गंगोत्रीच्या वाटेवर हर्षिलजवळचं गाव. 5 ऑगस्ट 2025 ला दुपारी खीरगाडमधून चिखल आणि दगडांचा लोंढा उतरला आणि काही सेकंदांत हॉटेलं, होमस्टे, बाजार गाडले गेले. लक्षात घ्या, तिथे भागीरथी काठ सोडून गावात शिरली नव्हती. लोंढा आला तो बाजूच्या ओढ्यातून. म्हणजे मोठ्या नदीपासून लांब आहोत एवढ्यावर निर्धास्त होऊन चालत नाही.

तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. शिट्ट्या आणि ओरडणं ऐकू येतं ना, ते पलीकडच्या काठावर उंचावर असलेल्या मुखबा गावातल्या लोकांचं. ते खालच्यांना 'पळा' म्हणून सांगत होते. हिवाळ्यात गंगोत्रीचं देऊळ बंद झालं की गंगामाईची मूर्ती याच मुखब्यात येते. जुनं गाव वर आणि यात्रेचा बाजार खाली. गुप्तकाशी आणि उखीमठसुद्धा मंदाकिनीपासून चांगलेच उंचावर आहेत. 16 आणि 17 जून 2013 ला मुसळधार पावसाने आणि केदारनाथच्या वरचा चोराबारी तलाव फुटल्याने मंदाकिनीला पूर आला, तेव्हा रामबाडा जवळजवळ पुसला गेला. गौरीकुंड, सोनप्रयाग, चंद्रापुरी, अगस्त्यमुनी, नदीकाठाने सगळीकडे नुकसान झालं.

सूचना मिळाली तर माणसं वाचतात

आता एक जुनी गोष्ट. 1893 मध्ये अलकनंदेची उपनदी असलेल्या बिरही गंगेत आख्खा डोंगर कोसळला आणि मागे मोठा तलाव साठला. बांध कधीतरी फुटणार हे इंजिनिअर लोकांनी ओळखलं. त्यांनी तारेची लाइन टाकली आणि पाणी कुठवर चढेल याच्या खुणा दरीत उभ्या केल्या. ऑगस्ट 1894 मध्ये रात्री बांध फुटला. गढवालचं श्रीनगर शहर वाहून गेलं, पण माणसं मेली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कारण लोकांना माहीत होतं, किती वर चढायचं ते. आज आपल्या खिशात स्मार्टफोन आहे, आणि हॉटेल निवडताना आपण बाल्कनीचा फोटो बघतो!

मग बुकिंग करताना बघायचं काय?

मी आता हे करतो:

1. हॉटेलला फोन लावून तो एकच प्रश्न विचारतो: "मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?" उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं हॉटेल.

2. मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावतो. हॉटेलशेजारी ओढा उतरतोय का? इमारत पंख्यासारख्या उतारावर आहे का? वरच्या डोंगरावर दरडीचा ताजा, उघडा पट्टा आहे का? वर आहे म्हणजे सुरक्षितच असंही नाही, म्हणून हे बघायचंच.

3. खोली रस्त्याच्या पातळीवर किंवा वर मागतो. व्ह्यू थोडा कमी मिळतो, चालतंय.

4. पोचल्यावर उजेड असताना वर जायची वाट चालून बघतो. आईच्या गुडघ्यांना किती वेळ लागतो, तेही. बूट, औषधं, टॉर्च उशाशी.

5. जुलै-ऑगस्टमध्ये जमलं तर जातच नाही. यात्रा साधारण अक्षय्य तृतीयेपासून दिवाळीपर्यंत असते, पुढे-मागे भरपूर दिवस मिळतात.

धोका कसा ओळखायचा?

पाणी अचानक गढूळ झालं, ओल्या मातीचा उग्र वास आला, दगडांची गुडगुड वाढली, तर वर निघा. आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे पाणी अचानक कमी होणं. वाटतं, चला, ओसरलं. पण वर कुठेतरी दरडीने प्रवाह अडला असेल, तर ते साठलेलं पाणी एकदम येऊ शकतं. अशा वेळी नदीच्या काठाने पळू नका, पूल ओलांडू नका, सामानासाठी थांबू नका. आडवं सरका आणि उंचावर चढा.

आंघोळीला उतरलात तर घाटावरची साखळी सोडू नका. वर धरणं आहेत. पाऊस नसतानाही विसर्गाने पातळी वाढते. सायरन वाजला की फोटो अर्धवट सोडून बाहेर या. सरकारचं 'सचेत' ॲप टाकून ठेवा. आणीबाणीला 112, राज्य आपत्ती कक्षाला 1070, जिल्ह्याला 1077.

आता कुणी म्हणेल, "देवाच्या दारी जाताना एवढं भ्यायचं कशाला?" हे मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तिकडची जुनी माणसं काय कमी भाविक होती? तरी गाव वरच बसवलं ना त्यांनी."

दुसऱ्या दिवशी ॲडव्हान्सवर पाणी सोडलं आणि गुप्तकाशीत वर खोली घेतली. खिडकीतून नदी दिसत नव्हती. आत्या मात्र सकाळी सातपर्यंत गाढ झोपली होती.

एक काम करा. या वर्षी घरातलं कुणी यात्रेला निघालं असेल आणि बुकिंग तुम्ही केलं असेल, तर आज हॉटेलला एक फोन लावा. काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, काळजी घ्या!