होडीत बसायचंय? मग आधी बैठकीत बसूया!



सोयाबीन निघालं, दिवाळी झाली की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो : यंदा सहलीला कुठं जायचं? आतापर्यंत उत्तर ठरलेलं असायचं. औंढा नागनाथ, माहूर, नाहीतर शेगाव. आता मोबाईलवर व्हिडिओ बघून काही ताई म्हणतात, "मॅडम, आम्हाला होडीत बसायचंय." जरूर बसा! वर्षभर घर, शेत आणि कर्जाचे हप्ते सांभाळणाऱ्या बाईनं एक दिवस पाण्यावर घालवला तर त्यात वावगं काहीच नाही. फक्त एक लक्षात ठेवा. पाण्यावरच्या सहलीचे निर्णय काठावर घ्यायचे नसतात, बैठकीत घ्यायचे असतात.

असं का? काठावर गेल्यावर पैसे दिलेले असतात, नाववाला "बसा, काही होत नाही" म्हणून घाई करतो, आणि बाकीच्या बसल्या की एकटीला नको म्हणायची लाज वाटते. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला निघालेल्या सहा महिला बुडाल्या. त्यांना मजुरीसाठी नदी ओलांडणं भाग होतं. आपण हौसेनं जातो, म्हणजे "नाही" म्हणायची मोकळीक आपल्याला आहे. ती वापरायची.

पाणी कोणतं, दिवस कोणता?

पावसाळ्यात नदीत होडी नकोच, मग ती कयाधू असो की पैनगंगा. धरणाच्या खालच्या नदीत तर जास्त सावध राहा. इसापूर धरणातून पाणी सोडलं की खाली पैनगंगेचं पाणी वाढतं, मग आपल्या डोक्यावर कडक ऊन का असेना. नदीच्या मधल्या बेटावर उतरणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं. पाणी चढलं की परतीची वाट बंद होते. म्हणून आदल्या दिवशी आणि निघताना, पाणी सोडणार आहेत का, हे विचारून घ्या. इसापूर जलाशयाच्या भागात पक्षी अभयारण्य आहे. तिथं काय चालतं, काय नाही, हे आधी वनविभागाला विचारायचं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे, आणि वेळ सकाळची. उन्हाळ्यात दुपारनंतर वादळवारं कधी सुटेल, नेम नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. वारा सुटला, आभाळ भरून आलं, तर पैसे गेले तरी चालतील, होडीत बसायचं नाही. हे बैठकीतच ठरवून ठेवा.

कयाक म्हणजे काय?

कयाक म्हणजे एका-दोघींची अरुंद, हलकी होडी. पाय पुढं लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं पाणी मागं ढकलायचं. कनू वरून मोकळी असते आणि तिच्या वल्ह्याला एकाच टोकाला पातं असतं. दोन्ही हलक्या असल्यामुळं त्यात उभं राहिलं किंवा एका बाजूला वाकलं की कलंडतात. पहिल्यांदा जाताना शिकवणारा माणूस सोबत हवाच, आणि पाणी साचलेलं, संथ हवं. मासेमारीची होडी किंवा थर्माकोलचा तराफा सहलीसाठी नाही, ओळखीचा माणूस असला तरीही.

कपड्यांचं म्हणाल तर कयाकमध्ये साडी पायात गुंतते. पंजाबी ड्रेस बरा, ओढणी मात्र काठावर ठेवा. मोठ्या बोटीत साडी चालेल, पण पदर खोचून जॅकेटच्या आत घ्या.

जॅकेट नाही, तर नावेत पाय नाही

जॅकेट मांडीवर ठेवायचं नसतं, अंगात घालून सगळे पट्टे आवळायचे असतात. बरोबर बसलंय का, हे एकमेकींनी तपासा. मैत्रिणीला जॅकेटच्या खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर सैल आहे, पट्टे आवळा किंवा बदलून घ्या. पोहता येतं म्हणून कुणाला सूट नाही. लेकरांच्या मापाचं जॅकेट नसेल तर लेकरू काठावरच थांबेल. गरोदर ताईंनी आणि फिट येणाऱ्यांनी कयाकमध्ये बसू नये.

किती जणींना बसायची परवानगी आहे, ते आधीच विचारा. त्यापेक्षा एक जरी जास्त झाली तरी दुसरी फेरी करायची. चढताना आणि उतरताना मोजणी करा. दोन ताई यादी आणि मोबाईल घेऊन काठावर थांबतील.

होडी उलटलीच तर

जॅकेट तरंगवतं, म्हणून घाबरून हातपाय झाडू नका. उलटी होडीही बहुतेक वेळा तरंगते, ती धरून ठेवा आणि ओरडा. काठावरच्यांनी पाण्यात उडी मारायची नाही. दोर, बांबू, साडी, जे असेल ते फेका. तमिळनाडूच्या पेरंबलूर जिल्ह्यात ऑगस्ट २०२० मध्ये तीन महिलांनी आपल्या साड्या पाण्यात फेकून बुडणाऱ्या दोन तरुणांना वाचवलं.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं धरून फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका, त्यात वेळ जातो. उताणं झोपवा. श्वास चालू नसेल तर तोंडानं श्वास द्या, छाती दाबा, आणि त्याच वेळी दुसऱ्या ताईनं १०८ ला फोन लावायचा. हे आरोग्य उपकेंद्रात विचारून आधी एकदा करून बघा. वाचून हात वळत नाही.

पैशाचं कसं?

सहलीसाठी अंतर्गत कर्ज काढू नका. वेगळी वर्गणी ठेवा. बारा जणींनी महिन्याला ५० रुपये टाकले तर दहा महिन्यांत ६,००० रुपये होतात. मालवाहू टेम्पोत बसून जायचं नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. आणि बँकेचा वीस रुपयांचा अपघात विमा (प्रधानमंत्री सुरक्षा विमा) यंदा खात्यातून कापला गेला का, हे पासबुकात बघा. तो १ जून ते ३१ मे असा चालतो, आणि अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख मिळतात. जायच्या ठिकाणी बायकांसाठी संडास आहे का, हेही फोन करून विचारा. लाजू नका.

वल्हं आपल्या हातात

सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत 'स्वामिनी' नावाचा महिला बचत गट २०१७ पासून कांदळवनाची सफर घडवतो. पर्यटकांना होडीत बसवून वल्हं मारतात त्या गटातल्या बायकाच. आपल्यासारख्याच त्या, बचतीपासून सुरुवात केलेल्या. जमलं तर एखाद्या वर्षी अभ्यास सहल तिकडंच काढूया.

तोवर एक काम करा. हा लेख पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचा आणि तीन नावं इतिवृत्तात लिहा : जॅकेट तपासणारी, मोजणी करणारी, आणि हवा बिघडली तर "आज नाही" म्हणणारी. तिसरीनं नाही म्हटलं की कुणी कुरकुर करायची नाही. हा ठराव सगळ्यांच्या सहीनं करा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, कळमनुरी