करवंदाच्या हंगामातला एक दिवस

पहाटे साडेपाच. मे महिन्यात टेंभुर्णीत काम उरकायचं ते उन्हाआधी. बांधावरच्या कुंपणाची करवंदं एका अंगानं लाली धरलेली, पण अजून टणक, अशीच तोडते. काळी झालेली पोरांची. काटे जोडीनं असतात, म्हणून साडीवर यांचा जुना शर्ट.

सात. हाताला तेल लावून चिरायला बसायचं. देठातून पांढरा चीक येतो. बोटं, विळी, सगळं चिकट. दोन फाका करून बिया काढायच्या. दिवसाचं सर्वांत किचकट काम हेच, आणि सासूबाईंचा हात माझ्यापेक्षा जलद.

नऊ. चेरीच्या बरण्या. करवंदं आधी मिठाच्या पाण्यात राहतात; मग खारटपणा जाईपर्यंत पाणी बदलायचं, उकळत्या पाण्यात मऊ करून पाकात सोडायची. एकदम घट्ट पाकात फळ सुरकुततं, म्हणून पातळ पाकापासून सुरुवात. रोज फळं काढून पाक थोडा आटवायचा, शंभरात सत्तर भाग साखर होईपर्यंत. बेकरीच्या केकवरची लालभडक चेरी बऱ्याचदा हेच रंगवलेलं करवंद असते. ब्लॅक फॉरेस्ट केक जर्मनीचा. तिकडं त्यात खरी आंबट चेरी घालतात. ते झाड कडक थंडीशिवाय फळत नाही, जालन्याच्या उन्हात कुठून येणार? तिच्या जागी करवंद बसलं ते ठीक, पण आंबटपणा धुऊन काढून का? तेवढंच करायचं तर पपईचे तुकडे रंगवा की!

अकरा. माझ्या केकसाठी म्हणून वेगळा मुरांबा. फाका आणि साखर वजनाला वजन, स्टीलच्या पातेल्यात; अॅल्युमिनियमला आंबट चालत नाही. करवंदात पेक्टिन भरपूर, त्यामुळे तो आपोआप धरतो.

बारा ते चार ऊन. भाकरी, कच्च्या करवंदाची लसूण-मिरची घालून वाटलेली चटणी, आणि पंखा चालू असला तर झोप.

साडेचार. वीज आहे तोवर ओव्हन 180 अंशांवर. रव्याच्या केकमध्ये दही हात राखून घालते, आंबट मुरांब्यात आहेच. निथळलेल्या फाका मैद्यात घोळवल्या की तळाशी बसत नाहीत.

सात. बारशाचा केक न्यायला काकू आल्या.

"वर लाल चेरी नाही लावली का गं?"

"आत करवंद आहे, काकू."

"ते राहू दे. फोटो काढायचेत."

लावल्या चार.

साडेनऊ. फळं चाळणीत निथळत ठेवून पाक पुन्हा चुलीवर.