गेडीससाहेबांची दिवाळी

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतले ओटे रस्ता रुंद करताना गेले. त्यांत आमचाही गेला. वडील दरबारी गवई. पण त्यांचे शिकवणे चाले ते या ओट्यावर. संध्याकाळी भिंतीला टेकून ते तंबोरा छेडीत, आणि बाजारातून परतणारी माणसे पिशव्या खाली ठेवून घटकाभर ऐकत उभी राहत. पुढे मीही तेथेच मुलांकडून स्वर घोटवून घेई. आता आतल्या खोलीत दार लावून बसतो, तरी भोंग्यांच्या गलबल्यात षड्ज हाती लागत नाही.

वाहने वाढली, रस्ते हवेत, हे मलाही कळते. पण ओटा पडला त्या दिवशी पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश गृहस्थांची आठवण झाली. तिसऱ्या तुकोजीराव महाराजांच्या कारकीर्दीत ते नगररचनेसाठी इंदुरास आले, आणि १९१८ साली त्यांचा दोन खंडांचा अहवाल निघाला. जुन्या वस्तीतून सरळ रेघ ओढून रस्ता काढणे त्यांना मान्य नव्हते. आधी गल्लीबोळांतून पायी हिंडावे, अगदी मोडकळीस आलेले तेवढे काढावे, तेथे झाडे लावून चौक मोकळा करावा, बाकीचे राहू द्यावे, अशी त्यांची रीत. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ ना ते!

त्या दिवसांत शहरात प्लेग होता. नकाशे घेऊन हिंडणारा हा दाढीवाला साहेबच रोग आणतो, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा साहेबांनी महाराजांकडे एका दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि जाहीर केले, की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता जो मोहल्ला सर्वांत स्वच्छ होईल तेथून जाईल. झाले! लोकांनी आपण होऊन घरे झाडली, डागडुजी केली, कचरा गाड्या भरभरून बाहेर गेला. मिरवणुकीत रावणाच्या जोडीला प्लेगचा प्रचंड उंदीरही होता. दैन्याच्या देखाव्यांबरोबर बेसूर, रडकी वाद्ये, आणि त्यांच्यामागून आनंदाचे सूर वाजवीत पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतले, फुले ल्यालेले झाडूवाले. गवयाच्या मुलाला ही योजना विशेष भावते. शेवटी रावण आणि उंदीर दोघेही जळाले. प्लेगही ओसरला, त्यात ऋतूचा वाटा असेलच.

स्वच्छतेत आपले शहर २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिले आले, त्याचा अभिमान मलाही आहे. पण बसायच्या जागा आणि कानांना मिळणारी शांतता कोणत्या गुणपत्रिकेत मोजायची? सराफ्यात पाहा. दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार, आणि रात्री दुकाने मिटली की त्याच दारांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलेबी. अरुंद रस्त्याने दोन संसार सांभाळले आहेत. रुंदीकरणाचा आराखडा आखणाऱ्याने तेथे एक रात्र उभे राहावे.

गेल्या रविवारी पहाटे मुलांना घेऊन कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या पायऱ्यांवर बसलो. भैरवचा कोमल ऋषभ सगळ्यांचा नीट लागला. तासाभराने पुलावर वाहने सुरू झाली, तेव्हा तंबोरा उचलून घरी आलो.