पित्ताशयाचे खडे आणि सिकलसेल : ऑपरेशनच्या आधी एक शब्द सांगा

जेवण झाले की उजव्या बरगडीखाली कळ येते, उलटी होते, डोळे पिवळे दिसतात. घरची मंडळी म्हणतात, 'पित्त झाले.' कोणी सोडा पाजतो, कोणी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतो. तो हाताला काही चोळतो, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो, पाणी पिवळे होते आणि आपण म्हणतो, कावीळ उतरली! ते पिवळेपण चुन्याचे आणि झाडाच्या सालीच्या रसाचे असते. रोग्याच्या अंगातली कावीळ जिथल्या तिथेच राहते.

नागपुरात आणि एकूणच विदर्भात या दुखण्याकडे अधिक सावधपणे पाहिले पाहिजे. कारण आपल्या समाजात सिकलसेल आहे, आणि सिकलसेल व पित्ताशयाचे खडे यांचा फार जवळचा संबंध आहे. आम्ही वस्त्यांतल्या तपासणी शिबिरांत नोंदणीच्या टेबलावर बसतो. सिकलसेल म्हणजे सांधेदुखी, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच आजाराने पित्ताशयात खडे होतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

खडे होतात कसे?

यकृतात दररोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार होते. त्यातले काही यकृताखालच्या छोट्या पिशवीत साठते आणि घट्ट होते. ही पिशवी म्हणजे पित्ताशय. पुष्कळ लोकांच्या खड्यांत चरबीचा, म्हणजे कोलेस्टेरॉलचा भाग मोठा असतो. सिकलसेलच्या रुग्णाचे खडे निराळे. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची विळ्यासारखी वाकलेली पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशींमधून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य बाहेर पडते. ते पित्तात प्रमाणाबाहेर साचले की त्याचे काळपट खडे बनतात. म्हणून आठ-दहा वर्षांच्या लेकरालाही खडे होऊ शकतात. तेलकट खाल्ल्याने झाले म्हणून आईला दोष देण्यात अर्थ नाही.

चरबीचे खडे विरघळवण्यासाठी अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड नावाची गोळी आहे. निवडक रुग्णांना तिचा उपयोग होतो, पण या काळ्या खड्यांवर ती चालत नाही. मग खडे पाडून देतो म्हणणाऱ्यांच्या रसाची आणि तेलाची काय कथा? २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात न्यूझीलंडमधील एका रुग्णाची हकीकत आली. सफरचंदाचा रस, ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस घेतल्यावर तिच्या शौचातून हिरवे गोळे पडले. प्रयोगशाळेत तपासले तेव्हा ते खडे नव्हते. प्यालेल्या तेलापासून पोटात बनलेला तो साबण होता!

प्रत्येक खड्याला ऑपरेशन लागते का?

वेस्ट इंडिजमधील जमैका बेटावर जन्मलेल्या एक लाख बाळांचे रक्त तपासून सिकलसेलची मुले शोधण्यात आली आणि ती मोठी होईपर्यंत डॉक्टरांनी त्यांच्यावर लक्ष ठेवले. या अभ्यासातली खड्यांची माहिती २००० साली प्रसिद्ध झाली. दोन्ही पालकांकडून सिकलसेल आलेल्या ३११ रुग्णांपैकी ९६ जणांना खडे झाले. पण खड्यांच्या त्रासामुळे पित्ताशय काढण्याची पाळी फक्त ७ जणांवर आली. म्हणजे सोनोग्राफीत खडा दिसला म्हणून घाबरून जायचे कारण नाही, आणि वारंवार कळ येत असताना अंगावर काढणेही बरोबर नाही. त्रास देणाऱ्या खड्यांचे ऑपरेशन दुखणे शांत असताना, ठरवून, तयारीनिशी करून घ्यावे. मध्यरात्री तापाने फणफणलेल्या रुग्णाला घेऊन धावपळ करण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.

ऑपरेशन आता पूर्वीइतके मोठे राहिलेले नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढले आणि आपल्या देशात या पद्धतीची वाट मोकळी झाली. पोटावर मोठा छेद न घेता तीन-चार लहान छिद्रांतून काम होते आणि रुग्ण लवकर घरी जातो.

खरा धोका कुठे आहे?

सिकलसेलच्या रुग्णाला मुख्य धोका छिद्रांचा नाही. भूल दिल्यावर प्राणवायू कमी पडला, अंग गार पडले, शरीरात पाणी कमी झाले की पेशी झपाट्याने वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. छातीत दुखते, ताप येतो, श्वास लागतो. ही छातीची गुंतागुंत जिवावर बेतू शकते. ती कशी टाळावी, यावर जगात नीट संशोधन झाले आहे आणि त्याचा निष्कर्ष आपल्या घरापर्यंत यायला हवा.

पहिले मोठे संशोधन अमेरिकेतले, १९९५ सालचे. त्यात ५५१ रुग्णांच्या ६०४ ऑपरेशनांची पाहणी झाली. एका गटाला भरपूर रक्त देऊन त्यांच्या शरीरातले सिकल हिमोग्लोबिन ३० टक्क्यांच्या खाली आणले. दुसऱ्या गटाला हिमोग्लोबिन १० होईल इतपतच साधे रक्त दिले. दोन्ही गटांचे निकाल सारखेच लागले. उलट, रक्त देण्यामुळे होणारे त्रास दुसऱ्या गटात निम्म्यावर आले. रक्ताच्या एका पिशवीसाठी नातेवाइकांना रक्तपेढीच्या दारात ताटकळावे लागते, अशा ठिकाणी या निष्कर्षाचे मोल फार आहे. याच पाहणीतील पित्ताशयाच्या ३६४ ऑपरेशनांचा हिशेब १९९७ साली वेगळा मांडला गेला. रक्त न देता ऑपरेशन झालेल्यांत सिकलसेलचा त्रास सर्वांत जास्त दिसला. दुर्बिणीच्या ऑपरेशनात भुलेचा वेळ अधिक लागला, पण इस्पितळातला मुक्काम कमी झाला.

दुसरे संशोधन ब्रिटनच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने अनेक देशांत झाले आणि २०१३ साली प्रसिद्ध झाले. कोणाला आधी रक्त द्यायचे आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवले गेले. रक्त न दिलेल्या ३३ रुग्णांपैकी १३ जणांना गुंतागुंत झाली; रक्त दिलेल्या ३४ पैकी ५ जणांना. फरक इतका ठळक होता की पुढच्या रुग्णांना रक्ताविना ठेवणे योग्य नाही, म्हणून प्रयोग मुदतीआधीच थांबवला. रुग्णाच्या जिवापुढे प्रयोग मोठा नाही, हा धडाही त्यातून मिळतो.

आपल्या नागपूरचे काय?

मध्य भारतातील सिकलसेलवरचा शुक्ला आणि सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांचा निबंध १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये आला होता. पुढे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या मेडिकलमध्ये, डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी ६० मुलांवर हायड्रॉक्सीयुरिया या औषधाची चाचणी केली. एका गटाला कमी मात्रेत औषध दिले, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. औषध घेणाऱ्या मुलांचे दुखण्याचे झटके आणि रक्त चढवण्याच्या वेळा खूप कमी झाल्या. हा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. ही चाचणी पित्ताशयाची नव्हती. पण या औषधाने पेशींचे फुटणे कमी होते, आणि खड्यांचे मूळ तिथेच आहे.

परदेशातल्या रुग्णांची आणि आपली रक्ताची जडणघडण तंतोतंत एक नाही. आपल्याकडच्या रुग्णांत बाळपणीचे हिमोग्लोबिन एफ जास्त टिकून राहते. म्हणून पित्ताशयाच्या ऑपरेशनाबाबतही इथल्या रुग्णांचा इथेच अभ्यास व्हावा, ही मागणी आपण केली पाहिजे. 'प्रयोग' शब्द ऐकून पळू नये आणि न वाचता अंगठाही देऊ नये. कागद मराठीत मागावा, नाही म्हणण्याचा आणि मधूनच बाहेर पडण्याचा हक्क आपला आहे हे जाणावे.

लपवाल तर गमवाल

सगळे संशोधन एका गोष्टीवर अडते. डॉक्टरांना सिकलसेल असल्याचे कळलेच नाही तर ते तयारी कशाची करणार? पोरीचे लग्न जमायचे आहे, चारचौघांत बोभाटा होईल, म्हणून घरचे लोक कार्ड पेटीत ठेवतात आणि ऑपरेशनच्या टेबलावरही तोंड उघडत नाहीत. ही लाज कशासाठी? हा आजार ना पापाचा, ना जातीचा. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे वाहकांचे मलेरियापासून काही संरक्षण झाले आणि हा गुण रक्तात टिकला. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, आदिवासी बांधवांत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्येही सिकलसेलचा समावेश झाला आहे. १ जुलै २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. तिच्या तपासणीत भाग घ्या.

हे घरात लिहून ठेवा :

पित्ताशयाचेच नव्हे, कोणतेही ऑपरेशन ठरले तर सोल्युबिलिटी आणि त्यानंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी झाली आहे का ते पाहा. रुग्ण 'एसएस' आहे की नुसता वाहक, म्हणजे 'एएस', हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगा. रक्त आधी द्यायचे का, किती, आणि गट नीट जुळवला का, हे विचारा. ऑपरेशनआधी फार वेळ पाण्याविना ठेवू नये, सलाईन, प्राणवायू आणि ऊब यांची सोय असावी. नंतर दीर्घ श्वास आणि लवकर चालणे.

सिकलसेलच्या रुग्णाचे डोळे थोडे पिवळे नेहमीच असतात. पण पिवळेपणा एकाएकी वाढला, लघवी गडद आणि शौच पांढुरके झाले, थंडी वाजून ताप आला, तर खडा नळीत अडकला असू शकतो. तेव्हा मेडिकल, मेयो, जवळ असेल ते इस्पितळ गाठा, उतारा नव्हे.

पित्ताशय काढल्यावर पिशवीतले खडे जातात, सिकलसेल जात नाही. औषध, भरपूर पाणी आणि नियमित तपासणी चालूच ठेवावी लागते. आणि ज्या घरात एक रुग्ण आहे, त्या घरातल्या सर्वांनी, विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलामुलींनी, रक्त तपासून घ्यावे. दोन्ही वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणी मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. पत्रिका जुळवणे आपण सोडले. आता रक्ताचा कागद जुळवायला शिकू या.