फुकटचा पेला आणि कायद्याचे माप

नव्या मालाचा चटका लावावयाचा असेल, तर तो प्रथम विनामूल्य चाखावयास द्यावा, ही व्यापाराची जुनी युक्ती होय. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात चहाच्या व्यापाऱ्यांनी गावोगावच्या बाजारांत व जत्रांत उकळता चहा फुकट पाजला, आणि ज्या घरांत पूर्वी सकाळी दुधाची वाटी फिरत असे त्या घरांत कपबशी आली. चहाने फारसे कोणाचे घर बुडाले नाही, म्हणून त्या फुकट चहाची आज कोणी तक्रार करीत नाही. परंतु हीच युक्ती मद्याच्या विक्रेत्याने योजिली तर? त्याने मांडव घालून, गाणेबजावणे ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती ‘चवीपुरता’ पेला दिला, तर आपल्या राज्याचा कायदा त्याला काय म्हणतो?

प्रश्न मुंबई-पुण्याचा वाटतो खरा. तथापि त्याची खरी कसोटी पाहण्यासाठी आम्ही वाचकांस सातपुड्यात, धडगावास नेऊ इच्छितो. धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. तोरणमाळचे पठार याच तालुक्यात आहे. उत्तरेस नर्मदा, तिच्यापलीकडे मध्य प्रदेश. पश्चिमेस अक्कलकुवा तालुका ओलांडला की गुजरात. वस्ती बहुतांशी पावरा व भिल्ल समाजांची. येथे मद्य दुकानातून येण्यापूर्वी झाडावरून येते. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले पहाटे गळू लागली, की बायकामुले टोपल्या घेऊन ती वेचतात व वाळवून ठेवतात. ती खाण्याच्या उपयोगी पडतात, बाजारात विकली जातात, आणि त्यांची दारूही गाळली जाते. देवकार्यात व पितृकार्यात तिची धार सोडावी लागते. सोयरिकीच्या बोलण्यांत व पाहुणचारातही ती पुढे येते. म्हणजे येथे पेला विनामूल्य देणे हा व्यापार नसून आतिथ्य आहे. एकच कृत्य, पण एके ठिकाणी त्याचे नाव पाहुणचार आणि दुसऱ्या ठिकाणी जाहिरात. कायद्याने या दोहोंत भेद कसा करावा, हा आमच्या लेखाचा विषय आहे.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांस हा भेद अपरिचित नव्हता. मनुस्मृतीने सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगून ते द्विजोत्तमांस वर्ज्य ठरविले. गौडी गुळाची व पैष्टी पिठाची हे उघड आहे. माध्वी मात्र मधाची, द्राक्षांची की मधूकाची, म्हणजे मोहफुलांची, याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. धर्मशास्त्राची दृष्टी पिणाऱ्याच्या वर्णावर व प्रायश्चित्तावर होती. अर्थशास्त्राची दृष्टी राज्यव्यवहाराची. कौटिल्याने सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमून विक्रीची ठिकाणे व प्रमाण ठरविले, आणि उत्सव, समाज व यात्रा या प्रसंगी चार दिवसांची मोकळीक देण्याची तरतूद केली. आजची एक दिवसाची तात्पुरती अनुज्ञप्ती हिचीच धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाही. त्याच प्रकरणात नासलेली सुरा दासांस व कामकऱ्यांस वेतनादाखल देण्याची मुभा आहे. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही त्याच्या पदरी टाकाऊ पेला घालण्याची ही रीत किती जुनी आहे, हे त्यावरून दिसते.

इंग्रजी अमलात प्रकार निराळा झाला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरोघरची गाळप बंद करून सरकारी देखरेखीच्या मध्यवर्ती भट्ट्या व मक्तेदारांची दुकाने यांच्याकडे सर्व व्यवहार वळविला. १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवरच स्वतंत्र कायदा करण्यात आला. पूर्वी जी वस्तू आप्तेष्टांत विनामूल्य फिरे, ती आता मक्तेदाराच्या गुत्त्यात दामाने किंवा उधारीने घ्यावी लागू लागली. उधारीचा पहिला पेला फुकटाहूनही स्वस्त वाटतो. त्याची किंमत पुढे शेताच्या बांधावर येऊन उभी राहते. म्हणूनच १९२२ च्या अखेरीस दक्षिण गुजरात व लगतच्या मुलखात जी ‘देवी’ची लाट उठली, तिच्या आज्ञांत दारू सोडणे ही प्रमुख आज्ञा होती. पुढे १९३८ च्या सुमारास तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी ‘आप की जय’ म्हणत सातपुड्याच्या पायथ्याशी सहस्रावधी आदिवासींस दारूपासून परावृत्त केले. या चळवळी शहरातील सुधारकांनी शिकविलेल्या नव्हत. ज्यांचे घर बुडत होते त्यांनीच त्या उभ्या केल्या होत्या.

आता चालू कायद्याकडे वळू. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो हल्ली महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो, तोच आजही या विषयाचा पाया आहे. ६ एप्रिल १९५० पासून त्या वेळच्या मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. पुढे महाराष्ट्राने परवान्यांची वाट रुंद केली, तरी कायद्याची मूळ रचना बंदीचीच राहिली आहे: मद्य निषिद्ध, आणि परवाना हा अपवाद. त्यामुळे बाळगणे, नेणे, विकणे व पिणे या प्रत्येकास शासनाची अनुमती लागते. बियर व वाइन यांसाठी वयाची मर्यादा २१ वर्षे, आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे.

या कायद्यात ‘विक्री’ या शब्दाची व्याख्या मोठी मार्मिक आहे. मोबदला घेऊन केलेले हस्तांतरण ही विक्री, हे कोणीही सांगेल. पण मोबदला न घेता केलेले हस्तांतरणही तीतच मोडते. म्हणजे ‘आम्ही पैसे कोठे घेतले?’ हा फुकट पेला देणाऱ्याचा नेहमीचा बचाव कायद्याने दारातच अडविला आहे. शिवाय मद्याचे सेवन करण्याविषयी आर्जव करणे किंवा मद्य देऊ करणे हाही अपराध ठरविला आहे, आणि वृत्तपत्रे, पुस्तिका, हस्तपत्रके इत्यादींतून तशी जाहिरात करण्यास मनाई आहे. केवळ मंजूर केलेल्या किंमतपत्रकांस त्यातून सूट आहे.

या कलमांची परीक्षा लवकरच झाली. मुंबईचे एक पारशी गृहस्थ फ्राम नसरवानजी बलसारा यांनी कायद्याला आव्हान दिले, आणि २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायद्याचा बहुतेक भाग न्यायालयाने उचलून धरला. परंतु मद्याची नुसती प्रशंसा करणे हाही गुन्हा ठरविणारे शब्द भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द केले. येथे एक सूक्ष्म रेषा आखली गेली. मद्य चांगले असते असे कोणी म्हटले, तर ते त्याचे मत. पण पेला पुढे करून ‘घ्या’ म्हटले, तर ते कृत्य. मत मोकळे आहे, कृत्याला परवाना लागतो.

यावरून चाखण्याच्या समारंभांचे नियम आपोआप उमगतात. असा समारंभ अशक्य नाही. परंतु त्याला अनुज्ञप्ती असलेली जागा किंवा त्या दिवसापुरती तात्पुरती अनुज्ञप्ती हवी, पिणाऱ्याचे वय बसले पाहिजे आणि परवाना हवा. रस्त्यावर, बाजारात, महाविद्यालयाच्या दारात वाटप करण्यास मार्ग नाही. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत वाइन चाखण्याची जी दालने चालतात, ती अशा अनुज्ञप्तीच्या छत्राखाली. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगास उत्तेजन देणारे धोरण आखले, तेव्हापासून हा व्यवसाय वाढला. २७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या किराणा दुकानांतूनही वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने जाहीर केला, तेव्हा मात्र राज्यभर विरोध उठला. दळणाच्या व डाळीच्या शेजारी बाटली दिसली की ती घरगुती वस्तू होते, ही त्या विरोधाची खरी कळ होती.

जाहिरातीची दारे बंद झाली, तेव्हा व्यापाऱ्याने खिडकी शोधली. मद्याच्या नावाने सोडा, पाण्याच्या बाटल्या व संगीताचे जलसे सुरू झाले. पाहणाऱ्यास पाणी दिसे, आठवण मद्याची होई. दूरचित्रवाणीवरील मद्याच्या जाहिरातींस १९९४ च्या नियमांनी मनाई आहेच. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा आडपडद्याच्या जाहिरातींसही स्पष्ट बंदी घातली. इतर देशांतही हाच लपंडाव आहे. द्राक्षासवाचे माहेरघर जे फ्रान्स, त्यानेही २००९ साली व्यापारी हेतूने अमर्याद मद्य फुकट किंवा ठोक रकमेत पाजण्यास बंदी केली. मात्र परंपरागत जत्रा व अनुमती घेतलेले रसास्वाद यांस मोकळीक ठेवली. म्हणजे फ्रेंच कायद्याने आमच्या वर सांगितलेल्या भेदाला, आतिथ्य आणि जाहिरात यांतील भेदाला, जागा दिली.

आपल्याकडे ती जागा कितपत आहे, हे पुन्हा धडगावास परतल्यावर कळते. नर्मदेच्या पलीकडील तीरावर मध्य प्रदेशाचा कायदा आदिवासी कुटुंबास स्वतःच्या उपयोगापुरती मोहाची दारू गाळू देतो. इतकेच नव्हे, २०२१ पासून त्या राज्याने मोहाच्या मद्यास वारसा म्हणून बाजारात आणण्याचे धोरण धरले. पश्चिमेस गुजरातेत तोच १९४९ चा कायदा संपूर्ण बंदीच्या रूपाने चालतो. मध्ये आपले राज्य. येथे २०२१ साली मोहफुले गोळा करणे, साठविणे व नेणे यांवरील निर्बंध उठविले, हे योग्यच झाले. पण फुलाला मिळालेली मोकळीक त्याच्या अर्काला नाही. एकाच नदीचे पाणी पिणारी दोन सोयऱ्यांची घरे, आणि पाहुण्याला दिलेला एकच पेला एका काठावर सवलत व दुसऱ्या काठावर अपराध! नाशिकच्या मळ्यातील पाहुण्यास चषक देणाऱ्याजवळ अनुज्ञप्ती आहे. अक्राणीच्या पाड्यावरील म्हाताऱ्याजवळ ती नाही, आणि ती मिळविण्याची भाषाही नाही. ही विषमता नाकारण्यात अर्थ नाही.

पण म्हणून सर्व मोकळे करावे, असेही आम्हांस वाटत नाही. पाड्यावरील स्त्रियांचा अनुभव त्याच्या उलट आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास शहादे तालुक्यात श्रमिक संघटनेच्या चळवळीतील आदिवासी स्त्रियांनी गुत्त्यांवर मोर्चे नेऊन दारूची मडकी फोडली. देवाच्या धारेवर त्यांचा राग नव्हता. मजुरीचा पैसा घरी येण्यापूर्वीच जेथे अडतो, त्या दुकानावर होता.

हा निर्णय कोणी करावा, याचे उत्तर कायद्याने आता बरेच शहाणपणाने दिले आहे. अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रात मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेच्या संदर्भात मान्य केला, आणि महाराष्ट्राने २०१४ साली त्याचे नियम केले. धडगाव येथे आता नगरपंचायत आहे, तेव्हा तेथे ग्रामसभेची वाट नाही. पण भोवतालच्या पाड्यांस ती आहे. याशिवाय राज्यातील कोणत्याही गावात किंवा प्रभागात परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी २००८ च्या आदेशानुसार मतदान मागता येते. एक चतुर्थांश स्त्री-मतदारांनी अर्ज केला, की गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली व एक आडवी बाटली असते. एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीस मत दिले, तर दुकान बंद.

यात ‘एकूण’ हा शब्द वाचकांनी ध्यानात घ्यावा. जी स्त्री मतदानास आली नाही, ती दुकानाच्याच पारड्यात पडते. अक्राणीतील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात व होळीला परततात. त्या मधल्या महिन्यांत मतदान ठेवले, तर गावातील बायका हजर नसताना बाटली उभीच राहावयाची. कायदा चांगला असून चालत नाही, त्याची तारीखही चांगली असावी लागते.

फुकट पेल्याचा आणखी एक हंगाम आहे, तो निवडणुकीचा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास मद्यविक्री व वाटप बंद ठेवले आहे, आणि मतासाठी दिलेली कोणतीही देणगी लाच ठरविली आहे. तरी त्या रात्री बाटल्या कोठून येतात हे सर्वांस ठाऊक असते. येथे पेला फुकट नसतो. पाच वर्षांच्या कारभाराचे ते विसारपत्र असते.

आमच्या वाचकांची घरे बहुधा या साऱ्यापासून दूर आहेत असे त्यांस वाटेल. तसे नाही. आपल्या घरांतील मुलगे व मुली हल्ली ज्या कचेऱ्यांत नोकरीस आहेत, तेथे ‘रसास्वाद’ व ‘अनावरण’ या नावांनी निमंत्रणे येतात. अशा वेळी वडीलमंडळींनी नुसते कपाळास आठ्या घालून भागणार नाही. त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: समारंभास अनुज्ञप्ती आहे काय, जाणाऱ्याचे वय व परवाना कायद्यात बसतो काय, आणि देणाऱ्यास त्या पेल्याच्या बदल्यात काय हवे आहे. पहिल्या दोहोंची उत्तरे कागदावर मिळतील, तिसऱ्याचे मुलांनी स्वतःशी द्यावे. ज्या घरात असा प्रश्न न ओरडता विचारता येतो, त्या घरात खोटे बोलण्याची गरज कमी पडते.

आणि ज्या वाचकांच्या घरी वकील, शिक्षक किंवा सरकारी नोकर आहेत, त्यांस आमची आणखी एक विनंती आहे. एखाद्या पाड्यावरील स्त्रियांस मतदानाचा अर्ज करावयाचा असेल, तर तो लिहून द्यावा, मतदारयादीतील नावे तपासून द्यावीत, आणि मतदानाची तारीख होळीनंतर मागावी, हे आवर्जून सांगावे.