विश्लेषण : करोना महासाथीत सोसायटीचा सूचनाफलक का महत्त्वाचा ठरला?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि शहरी महाराष्ट्रातील लाखो कुटुंबांचे जग इमारतीच्या फाटकापुरते उरले. दूध येणार का, लिफ्ट वापरायची का, चौथ्या मजल्यावर रुग्ण निघाला हे खरे का, पालिकेचे पथक कधी येणार, या प्रश्नांची उत्तरे दिल्लीतील पत्रकार परिषदेत मिळणारी नव्हती. ती सोसायटीच्या सचिवाकडे मागितली जात होती. काही गृहनिर्माण संस्थांनी ही जबाबदारी उत्तम निभावली. काहींनी मात्र ‘सगळ्यांना कळायला हवे’ म्हणत रुग्णांची नावे ग्रुपवर टाकली आणि घरकामगारांना फाटकावरूनच परत पाठवले. या दोहोंत फरक कशामुळे पडला आणि कायदा याबाबत काय सांगतो, याचा हा आढावा.

सोसायटीवर ही जबाबदारी आली कशी?

राज्यात पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नियमावली जारी केली. टाळेबंदीचे आदेश २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली निघाले. या दोन्ही कायद्यांतील अधिकार सरकार, जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्तांकडे होते. सोसायटी ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली संस्था. देखभाल खर्च गोळा करणे, इमारतीची दुरुस्ती, पाणी आणि सभा हे तिचे नेहमीचे काम.

प्रत्यक्षात मात्र आदेश आणि रहिवासी यांच्यामध्ये दुसरे कोणीच नव्हते. पालिकेचा कर्मचारी प्रत्येक दारावर रोज जाऊ शकत नव्हता. मुंबईत जून २०२० पासून रुग्णालयातील खाटांचे नियोजन २४ प्रशासकीय विभागांतील ‘वॉर रूम’कडे सोपवले गेले. त्या विभागाचा क्रमांक रात्री दोन वाजता कोणाच्या हाताशी असेल, हा प्रश्न शेवटी इमारतीतच सुटायचा होता.

पुढे सरकारने ही भूमिका लेखी मान्य केली. ४ एप्रिल २०२१ च्या ‘ब्रेक द चेन’ आदेशानुसार पाचपेक्षा अधिक उपचाराधीन रुग्ण असलेली सोसायटी सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र ठरत होती. फाटकावर तसा फलक लावणे, बाहेरच्यांना प्रवेश नाकारणे आणि ये-जा नियंत्रित करणे ही सोसायटीचीच जबाबदारी होती. त्यात कसूर झाल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड होता.

रहिवाशांना नेमकी कोणती माहिती हवी होती?

आकडे टीव्हीवर दिवसभर दिसत होते. हवी होती ती लगेच उपयोगी पडेल अशी माहिती. भाजीवाला कोणत्या वेळी येणार, औषधे घरपोच कोण देणार, घरात विलगीकरणात असलेल्या रुग्णाचा कचरा पिवळ्या पिशवीत वेगळा कसा द्यायचा, प्राणवायूची पातळी ९४ च्या खाली गेल्यास आधी कोणाला फोन करायचा.

समजा, ‘सी विंगमध्ये पेशंट सापडला आहे, सर्वांनी काळजी घ्यावी’ अशी सूचना आली. ती वाचून भीती वाढते, पण करायचे काय ते कळत नाही. तीच सूचना अशीही देता येते : ‘सी विंगमधील एका घरात रुग्ण आहे. पालिकेला कळवले आहे. उद्या सकाळी १० ते ११ लिफ्ट बंद राहील, त्या वेळेत जिना आणि लिफ्ट निर्जंतुक केली जाईल. या विंगचे दूध फाटकावर मिळेल. ताप किंवा खोकला असल्यास पालिकेच्या विभाग कार्यालयाशी संपर्क साधा. पुढची सूचना संध्याकाळी सात वाजता.’

दुसऱ्या सूचनेत कोणाचे नाव नाही, तरी प्रत्येकाला आपण काय करायचे ते कळते. शेवटचे वाक्य तर सर्वांत उपयोगी. पुढची माहिती कधी मिळणार हे ठाऊक असले, की मधल्या वेळेत अफवांना कमी वाव मिळतो.

अफवा रोखण्यासाठी काय करता आले?

जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्येच ‘इन्फोडेमिक’, म्हणजे माहितीच्या साथीचा इशारा दिला होता. खरी, अर्धवट आणि खोटी माहिती एकाच वेळी इतकी येते, की कोणती धरायची हे कळेनासे होते. गरम पाणी पिऊन विषाणू मरतो, वर्तमानपत्रातून संसर्ग होतो, उद्यापासून दूधही बंद, असे निरोप सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत होतेच. एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲपने अनेकदा पुढे ढकललेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण ओळखीच्या शेजाऱ्याने टाकलेला निरोप लोक तरीही खरा मानतात.

यावर साधा उपाय होता तो दोन ग्रुपचा. एक गप्पांचा, दुसरा फक्त सूचनांचा, ज्यात सचिव आणि आणखी एक-दोघेच लिहू शकतील. प्रत्येक सूचनेवर तारीख, वेळ, ती कोणत्या आदेशावरून दिली तो उल्लेख आणि देणाऱ्याचे नाव. चूक झाली तर जुना संदेश गुपचूप न पुसता ‘सकाळच्या सूचनेत दुरुस्ती’ असे स्पष्ट लिहायचे.

एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत याची कसोटी लागली. प्राणवायूचे सिलिंडर, रेमडेसिविर आणि खाटा यांचे क्रमांक ग्रुपवर धडाधड येत होते. त्यातील अनेक जुने किंवा बंद होते, काही तर पैसे उकळणाऱ्यांचे होते. ‘दुपारी साडेतीनला फोन लावून खात्री केली’ एवढे एक वाक्य जोडलेला क्रमांक बाकीच्या पन्नास क्रमांकांपेक्षा मोलाचा होता.

ग्रुपवरच्या मजकुराला ॲडमिन जबाबदार असतो का?

या भीतीने अनेकांनी ॲडमिनपद सोडले. राज्याच्या नियमावलीत खातरजमा न करता करोनाविषयी चुकीची माहिती पसरवण्यास मनाई होती. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५४ नुसार घबराट पसरेल असा खोटा इशारा देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मात्र ही जबाबदारी खोटा मजकूर पसरवणाऱ्याची आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले, की सामायिक हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल, तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला दोषी धरता येणार नाही.

रुग्णाचे नाव जाहीर करता येते का?

सर्वाधिक वाद याच मुद्द्यावर झाले. ‘आम्हाला कळले नाही तर आम्ही सावध कसे राहणार’ हा शेजाऱ्यांचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण रुग्णाच्या निकट संपर्कात कोण आले हे शोधणे आरोग्य यंत्रणेचे काम होते आणि त्यासाठी नाव यंत्रणेला कळणे पुरेसे होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच बाधितांची किंवा विलगीकरणात असलेल्यांची नावे, ओळख आणि राहण्याचे ठिकाण समाजमाध्यमांवर पसरवू नका, असे सांगितले होते.

रुग्णाच्या दारावर फलक लावण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. अशा फलकांची सूचना आपण दिलेली नाही, असे केंद्राने सांगितले. ९ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने निकाल दिला, की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याने विशिष्ट आदेश दिला तरच असा फलक लावता येईल.

याला एक व्यावहारिक बाजूही होती. नाव फुटण्याच्या धास्तीने लोक चाचणी टाळतात, ताप लपवतात. म्हणजे ज्या माहितीसाठी शेजारी आग्रह धरतात, तीच मिळेनाशी होते. सचिवाला सांगितले तर ते फक्त पालिकेला कळेल, ग्रुपवर जाणार नाही, याची खात्री असलेल्या इमारतीत माणूस पहिल्या दिवशी फोन करतो. खात्री नसेल तर पाचव्या दिवशी. संसर्ग पसरायला मधले दिवस पुरेसे असतात.

प्रवेशबंदीच्या फलकांचे काय झाले?

साथीच्या सुरुवातीला काही ठिकाणी डॉक्टर आणि परिचारिकांनाच घर सोडण्यास सांगण्यात आल्याच्या तक्रारी आल्या. २२ एप्रिल २०२० रोजी केंद्राने अध्यादेश काढून साथरोग कायद्यात बदल केला. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसा हा अजामीनपात्र गुन्हा ठरला. त्यासाठी तीन महिने ते पाच वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद झाली. राहत्या जागी होणारा छळही हिंसेच्या व्याख्येत आला.

निर्बंध सैल होऊ लागल्यावर वाद घरकामगारांचा झाला. सरकारने परवानगी दिली तरी अनेक सोसायट्यांनी ‘मोलकरणींना प्रवेश नाही’ हे फलक काढले नाहीत. रोजच्या कामावर घर चालणाऱ्या बायकांचे महिनोन्महिन्यांचे उत्पन्न त्यामुळे बुडाले. एकट्या राहणाऱ्या आजारी वृद्धांचेही हाल झाले. सरकारी नियमांपलीकडे जाऊन सोसायट्यांनी स्वतःचे नियम करू नयेत, असे अखेर सहकार विभागाला सांगावे लागले. सोसायटीला सरकारी आदेश कळवता येतो आणि अमलात आणता येतो. सूचनाफलकावर लिहिले म्हणून नवा निर्बंध कायदेशीर ठरत नाही. सभासदाला याविरुद्ध सहकार उपनिबंधकांकडे दाद मागता येते. घरकामगाराला मात्र तशी सोय नाही, कारण ती सोसायटीची सभासद नसते.

कांदिवलीच्या बनावट लसीकरणातून काय दिसले?

३० मे २०२१ रोजी कांदिवलीतील एका मोठ्या संकुलात लसीकरण शिबिर झाले. सुमारे ३९० रहिवाशांनी प्रत्येकी १,२६० रुपये दिले. लस घेतल्यावर मोबाइलवर येणारा संदेश कोणालाच आला नाही. नंतर मिळालेल्या प्रमाणपत्रांवर वेगवेगळ्या रुग्णालयांची नावे होती आणि त्या रुग्णालयांनी या शिबिराशी संबंध नसल्याचे सांगितले. रहिवाशांच्याच तक्रारीवरून गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या. मुंबईत अशा नऊ शिबिरांत २,०५३ जणांची फसवणूक झाल्याची माहिती राज्य सरकारने जून २०२१ मध्ये उच्च न्यायालयात दिली.

लशीचा तुटवडा होता, प्रत्येकाला घाई होती आणि ‘सोसायटीत शिबिर आहे’ या निरोपावर लोकांनी विश्वास ठेवला. निरोप देणाऱ्यांनी रुग्णालयाला थेट एक फोन केला असता तर प्रकार तिथेच उघड झाला असता. यानंतर महापालिकेने खासगी शिबिरांसाठी नियम केले. नोंदणीकृत लसीकरण केंद्राशी लेखी करार करणे आणि विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्याला व पोलिसांना तीन दिवस आधी कळवणे बंधनकारक झाले.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांचे काय?

‘ग्रुपवर टाकले होते’ म्हणजे सर्वांना कळले, हा गैरसमज साथीत महागात पडला. एकटे राहणारे ज्येष्ठ, भाडेकरू आणि रखवालदार अनेकदा ग्रुपमध्ये नसतातच. म्हणूनच लिफ्टजवळचा कागद, इंटरकॉम आणि मजल्यावरच्या एकाने दोन-तीन घरांना रोज करायचा फोन हे जुने मार्ग पुन्हा कामी आले.

चाळी आणि वस्त्यांत तर सोसायटीसारखी यंत्रणाच नव्हती. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला, तेव्हा पालिकेने स्थानिक खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन घरोघरी तपासणी केली. लोक ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे औषध घेत होते, त्यांचे बोलणे लोकांनी ऐकले. म्हणजे माहिती कोण देते यावर ती कितपत ऐकली जाते हे ठरत होते. सोसायटीच्या सचिवालाही हेच लागू होते.

पुढच्या वेळेसाठी काय करता येईल?

पुढची आपत्ती साथच असेल असे नाही. पूर, आग किंवा दीर्घकाळ पाणी-वीज बंद असतानाही हीच व्यवस्था लागते आणि ती आधीच उभी असावी लागते. त्यासाठी पुढच्या सर्वसाधारण सभेत चार गोष्टी ठरवता येतील. सूचना कोण देणार आणि तो नसेल तर कोण, हे नावानिशी नोंदवणे. एकट्या राहणाऱ्यांची आणि फोन न वापरणाऱ्यांची यादी त्यांच्या संमतीने करणे. पालिका विभाग कार्यालय, पोलीस ठाणे आणि जवळच्या रुग्णालयाचे क्रमांक दर सहा महिन्यांनी लावून पाहणे. आणि आजारपणाची माहिती कोणाकडे राहील, किती दिवस राहील आणि ती ग्रुपवर जाणार नाही, हे ठरावात लिहून ठेवणे. वैयक्तिक गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे आणि २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदाही संमत झाला आहे.

टाळेबंदीनंतर बहुतेक सोसायट्यांतील सूचनाग्रुप थंडावले किंवा पुन्हा शुभेच्छांनी भरले. तिथली क्रमांकांची यादी शेवटची कधी तपासली, हे आज आपल्या सचिवांना विचारून पाहायला हरकत नाही.